विमानातली नोकरी आणि विश्वकिरणांचा हिशेब

कणकवली किंवा सावंतवाडीच्या एखाद्या रुग्णालयात एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ छातीवर एक लहान बॅज लावून कामाला उभा राहतो. त्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाची खूण त्या धरून ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीने बॅज मोजणीसाठी प्रयोगशाळेत जातो. त्या माणसाच्या नावाने एक खाते असते. यंदा किती मात्रा झाली, गेल्या पाच वर्षांत किती, हे त्यात लिहिलेले असते. कायद्याने ते लिहावेच लागते.

त्याच गावातली एखादी मुलगी मुंबईला जाते, प्रशिक्षण घेते, विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून लागते. घरच्यांना अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. वर्षभरात तिच्या शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा बहुधा त्या एक्स-रे तंत्रज्ञाच्या कितीतरी पट असते. जर्मनीत अशा सर्व कामगारांच्या मात्रा राष्ट्रीय नोंदवहीत जमा होतात. तिथे सरासरी मात्रेत सर्वांत वरचा गट वैमानिक आणि केबिन क्रूचा आहे. अणुभट्टीवरची माणसे त्यांच्या खाली येतात. आपल्या मुलीच्या गणवेशावर मात्र बॅज नाही, आणि तिच्या रोस्टरमध्ये मात्रेचा रकानाही नाही.

हे पुस्तक त्या रकान्याविषयी आहे. भीती घालण्यासाठी ते लिहिलेले नाही, हे प्रस्तावनेतच सांगतो. पुढे दिसेल की यातले बरेचसे आकडे दिलासा देणारे आहेत. पण दिलासाही मोजून घ्यायचा असतो. कुणीतरी अंदाजाने 'काही होत नाही' म्हटले, तर त्यावर कुणा कामगाराने विसंबून राहू नये.

आधी हे किरण येतात कुठून, ते पाहू. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ विद्युतमापक घेऊन बलूनमधून पाच हजार मीटरच्या वर गेला. जमिनीपासून दूर जाऊ तसा किरणोत्सर्ग कमी होईल अशी तेव्हाची समजूत होती. पण वर जाताना तो वाढत गेला. म्हणजे त्याचा उगम जमिनीत नसून बाहेर, अवकाशात होता. या शोधासाठी हेसला १९३६ चे नोबेल मिळाले. आज आपल्याला माहीत आहे की दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आणि काही वेळा आपल्या सूर्यातूनही प्रचंड वेगाचे कण निघतात; हेच विश्वकिरण. त्यांतले बहुतेक प्रोटॉन असतात आणि दहातला एखादा हेलियमचा अणुगर्भ असतो. ते वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आदळतात. एका टकरीतून अनेक कण निघतात, त्यांतल्या प्रत्येकातून आणखी, आणि असा कणांचा वर्षाव खाली उतरत येतो. या वर्षावाचे गणित १९३७ मध्ये होमी भाभांनी हाइटलर या सहकाऱ्यासह मांडले.

मालवणच्या किनाऱ्यावर तळहात पसरून उभे राहा. दर मिनिटाला या वर्षावातले साधारण शंभर कण, म्यूऑन नावाचे, त्यातून आरपार जातात. काही जाणवत नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेने बाकीचे जवळपास सगळे कण आधीच गिळलेले असतात. समुद्रसपाटीवर ही हवा वजनाने दहा मीटर पाण्याएवढी आहे. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केलेल्यांना दहा मीटर पाणी म्हणजे काय ते अंगावर माहीत आहे. प्रवासी विमान छत्तीस हजार फुटांवर गेले की त्या दहा मीटरांपैकी जेमतेम सव्वादोन मीटर डोक्यावर उरतात. विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा इथे कामाचा नाही. कॉकपिट असो की मागची शेवटची रांग, मात्रा जवळपास सारखीच. आणि त्या उंचीवरच्या मात्रेत मोठा वाटा न्यूट्रॉनांचा असतो. एक्स-रेवाल्याचा नेहमीचा बॅज हे न्यूट्रॉन नीट पकडत नाही. त्यामुळे तोच बॅज विमानात लावून प्रश्न सुटत नाही. तिथे वेगळी पद्धत लागते, तिच्याकडे पुढे येतो.

सिंधुदुर्गात बसून सूर्य आणि हेलियमविषयी लिहितो आहे, तर विजयदुर्ग टाळून पुढे जाता येणार नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले होते. ब्रिटिश आरमाराची मेल्पोमिनी ही युद्धनौका त्यांच्या मदतीला होती. त्यांनी जहाजावरच्या खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे हाताळायला शिकवले आणि निरीक्षणासाठी मोठी तुकडी उभी केली. किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' आजही ही आठवण जपून आहेत. हेलियमची पहिली चाहूल त्याआधी तीस वर्षे, १८६८ मध्ये लागली होती. १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी गुंटूरहून सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकयर यांनी इंग्लंडमधून ग्रहणाशिवायच तो पाहिला. विजयदुर्गात दरवर्षी १८ ऑगस्टला, म्हणजे गुंटूरच्या ग्रहणाच्या तारखेला, हेलियमचे स्मरण होते. तारखांचा हा घोळ मुलांना नीट सांगितला तर त्या स्मरणाची किंमत वाढेल, कमी होणार नाही. आपल्या जिल्ह्याने सूर्याकडे शास्त्रीय नजरेने पाहणारी माणसे सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिली आहेत. त्या सूर्यावरच्या खळबळीचा आजच्या विमान कर्मचाऱ्याच्या मात्रेशी थेट संबंध आहे.

आता या विषयातला आपल्याला सर्वांत जवळचा भाग. १९२७ मध्ये याकोब क्ले हा डच शास्त्रज्ञ जावा आणि युरोप यांच्यामध्ये बोटीने ये-जा करताना विश्वकिरण मोजत होता. त्याला दिसले की बोट विषुववृत्ताकडे आली की किरण कमी होतात आणि उत्तरेकडे सरकली की वाढतात. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र येणाऱ्या विद्युतभारित कणांना वळवते. विषुववृत्ताजवळ ते कणांच्या वाटेला आडवे असते, तर ध्रुवांजवळ कण त्याच्या रेषांवरून सरळ खाली उतरतात. या अडथळ्याचे माप काढता येते. दक्षिण भारतात आणि त्याखालच्या समुद्रावर ते साधारण सतराशे कोटी व्होल्ट आहे, म्हणजे पृथ्वीवर जवळजवळ सर्वांत जास्त. ध्रुवाजवळ ते शून्याकडे जाते. चुंबकीय संरक्षणाच्या बाबतीत कोकणपट्टीसारख्या जागा जगात थोड्याच आहेत.

भाभांना हे चांगले ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धामुळे ते इंग्लंडला परतू शकले नाहीत आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राहिले. तिथे १९४४ च्या सुमारास त्यांनी अमेरिकन हवाई दलाच्या विमानात कणमोजणीची उपकरणे चढवली आणि सहकाऱ्यांसह तीस हजार फुटांपर्यंतची मोजणी केली. विषुववृत्ताजवळची ही मोजणी उत्तरेकडच्या मोजणीशी ताडून पाहायची होती. आज आपल्या विमानांतली हजारो माणसे रोज त्या उंचीवर, किंबहुना त्याहून वर, आपला कामाचा दिवस घालवतात. तिथे किती किरण असतात हे मोजणारा एक प्रयोग तेव्हाच भारताच्या आकाशात झाला. त्या उंचीवर काम करणाऱ्या भारतीयांची मोजणी मात्र आपण नित्याची केली नाही. मला ही गोष्ट मनापासून खटकते.

आकडे आता पाहू. मात्रा सिव्हर्टमध्ये मोजतात. त्याचा हजारावा भाग मिलिसिव्हर्ट आणि दशलक्षावा भाग मायक्रोसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाश या सगळ्यांतून माणसाला वर्षाकाठी नैसर्गिकरीत्या सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, असा जागतिक अंदाज आहे. समुद्रसपाटीवर विश्वकिरणांचा त्यातला वाटा सुमारे ०.३. विमान वर चढू लागले की साधारण दर पाच-सहा हजार फुटांना हा दर दुप्पट होत जातो. भारतावर छत्तीस हजार फुटांच्या आसपास तो ताशी २ ते ३ मायक्रोसिव्हर्ट असतो. त्याच उंचीवर उत्तर अटलांटिक, कॅनडा किंवा ध्रुवाजवळ तो ताशी ५ ते ८ पर्यंत जातो.

चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला आणि मुंबईहून पहिले आले ते अलायन्स एअरचे एटीआर. पंख्याची ही विमाने पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाहीत, आणि एवढ्या जवळच्या अंतराला तर त्याहून बरीच खाली उडतात. गणपतीला चिपीला किंवा मोप्याला उतरणाऱ्या चाकरमान्याने या मात्रेचा विचार करायचे काहीच कारण नाही. मुंबई-दिल्ली जेटने जाणाऱ्या प्रवाशालाही नाही, कारण त्या प्रवासात पाचेक मायक्रोसिव्हर्ट होतात, बस्स. पण ज्याची नोकरीच तिथे आहे त्याचे गणित वेगळे. एखादी व्यक्ती देशांतर्गत जेट मार्गांवर वर्षाला आठशे तास उडाली आणि त्यांपैकी सहाशे तास पूर्ण उंचीवर गेले, असे धरा. ताशी अडीच मायक्रोसिव्हर्टने ते दीड मिलिसिव्हर्ट होतात. चुंबकक्षेत्राचे सर्वोत्तम संरक्षण असूनही हा आकडा एक मिलिसिव्हर्टच्या वर आहे. युरोपात याच रेषेपासून मात्रेचे मूल्यमापन करणे विमान कंपनीवर बंधनकारक होते.

लांब पल्ल्याचे मार्ग पाहिले की संरक्षणाची गोष्टच बदलते. १५ ऑगस्ट २०१९ ला एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून गेले. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला थेट विमान आणले. ध्रुवावरून, सुमारे सोळा हजार किलोमीटर. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे पहिले संपूर्ण महिला चमूचे विमान नेले. तिथपासून ध्रुवापर्यंतचा हा प्रवास केवढा मोठा आहे! पण सिलचरच्या फोकर विमानात हिशेब करण्याजोगी मात्रा नव्हती. ध्रुवाच्या वाटेवर ती आहे. पंधरा तासांचे उड्डाण आणि सरासरी ताशी पाच मायक्रोसिव्हर्ट धरले, तर एका बाजूला ७५ आणि ये-जा दीडशे मायक्रोसिव्हर्ट होतात. अशा सात फेऱ्यांत एक मिलिसिव्हर्ट ओलांडला जातो. महिन्याला दोन-तीन फेऱ्या करणाऱ्याची वर्षाची मात्रा चार-पाचपर्यंत सहज जाते. आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेने किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांसाठी घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०. म्हणजे मर्यादेच्या आपण बरेच खाली आहोत. पण मर्यादा पाळणे ज्यांना लागू आहे त्या सर्वांच्या मात्रा मोजल्या जातात, हेही तितकेच खरे.

प्रकृतीवर याचा काय परिणाम होतो? इथे घाईने बोलणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी नुकसान केले आहे. आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोगाच्या ढोबळ हिशेबाने, वर्षाला तीन मिलिसिव्हर्ट अशी तीस वर्षांची नोकरी केली तर एकूण ९० मिलिसिव्हर्ट होतात. त्यातून प्राणघातक कर्करोगाचा धोका हजारात चार-पाचांनी वाढतो. हा हिशेब मोठ्या मात्रांच्या अनुभवावरून सरळ रेषेत खाली आणलेला आहे, एवढे लक्षात ठेवावे. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी जास्त किरणोत्सर्गात राहतात, आणि तिथल्या दीर्घ अभ्यासात कर्करोगाची वाढ आढळली नाही. दुसरीकडे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक अमेरिकन केबिन क्रूची पाहणी झाली. त्यात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण ३.४ टक्के निघाले, तर तुलनेच्या गटात ते २.३ टक्के होते. त्वचेचे कर्करोगही जास्त होते. याचे कारण विश्वकिरणच, असे तो अभ्यास सांगत नाही. रात्रीच्या पाळ्या, टाइम झोन ओलांडल्याने बिघडलेली झोप, उशिरा होणारी बाळंतपणे हे सगळे त्यात मिसळलेले आहे. ही कारणे वेगळी करायची तर प्रत्येकीची मात्रा माहीत हवी. ती नोंदलेली नसेल तर पुढच्या अभ्यासकालाही हीच अडचण येणार.

गर्भारपणाच्या बाबतीत मात्र मी मवाळ भाषा वापरणार नाही. किरण-संरक्षणाचा नियम स्पष्ट आहे. गर्भ राहिल्याचे कळवल्यानंतर पुढच्या काळात गर्भाची मात्रा एक मिलिसिव्हर्टच्या आत राहिली पाहिजे. अडचण कळवण्याच्या आधीच्या आठवड्यांची आहे. लांब पल्ल्याच्या फेऱ्या सुरू असतील तर त्या आठवड्यांत या मर्यादेचा बराच भाग संपलेला असू शकतो. अमेरिकेच्या नियॉश या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत ०.३६ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त मात्रा झालेल्या केबिन क्रूमध्ये गर्भपाताचे प्रमाण वाढलेले दिसले. झोपेच्या वेळेत काम करणाऱ्यांमध्येही ते दिसले. मूल हवे असे ठरवणाऱ्या प्रत्येक क्रू-मुलीला आपली मागच्या तीन महिन्यांची मात्रा विचारल्याबरोबर कळली पाहिजे. तिच्या आईला, सासूला, नवऱ्यालाही हा प्रश्न विचारता आला पाहिजे. हे पुस्तक मराठीत असण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे.

आता सूर्याची बाजू. सूर्यावरची खळबळ सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते आणि कमी होते. ती वाढलेली असते तेव्हा सूर्याचे वारे दूरच्या विश्वकिरणांना थोडे परतवतात, म्हणून क्रूची नेहमीची मात्रा उलट कमी होते. पण त्याच काळात सूर्यावर अचानक स्फोट होऊन कणांचा लोंढा पृथ्वीवर येऊ शकतो. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस असे झाले तेव्हा अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ३५ अंशांपलीकडच्या अक्षांशांवर पंचवीस हजार फुटांवरून जाणाऱ्यांना इशारा दिला. मे २०२४ च्या वादळात तर लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. सिंधुदुर्ग सोळा अंशांवर आहे, त्यामुळे अशा लोंढ्याचा फार थोडा भाग आपल्यापर्यंत येतो. तरी चुंबकक्षेत्राची ही ढाल अढळ नाही. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग चालतो. २२ जून २०१५ रोजी तिथे दोन तास म्यूऑनांची वाढ नोंदली गेली. सूर्याच्या वादळाने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र तेवढा वेळ क्षीण झाल्याची ती खूण होती.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबसने जाहीर केले की तीव्र सौर किरणोत्सर्गाने ए-३२० विमानांच्या उड्डाण नियंत्रणातली माहिती बिघडू शकते. काही दिवसांत जगभरातल्या हजारो विमानांची प्रणाली बदलली गेली. भारतातल्या कंपन्यांनीही रात्रंदिवस काम करून ते पार पाडले. हे उत्तम झाले. एखादी गोष्ट तातडीची मानली की विमान वाहतूक किती शिस्तीने आणि वेगाने हलू शकते, हे त्यातून दिसले. त्याच किरणांत त्याच विमानात बसलेल्या माणसांचा हिशेब यापेक्षा फार सोपा आहे.

सोपा म्हणजे किती, ते सांगतो. प्रत्येकाला यंत्र बांधायची गरज नाही. विमानातल्या मोजणीसाठी मानवी ऊतीसारखा प्रतिसाद देणारी खास उपकरणे आहेत, पण ती महाग आहेत आणि मुख्यतः गणित पडताळण्यासाठी वापरतात. रोजच्या कामाला गणितच पुरते. उड्डाणाची तारीख, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण, वाटेतल्या उंची आणि प्रत्येक उंचीवर गेलेला वेळ एवढे दिले की संगणक मात्रा काढून देतो. अमेरिकेची कारी, फ्रान्सची सिव्हर्ट आणि जर्मनीत तयार झालेली एपकार्ड या प्रणाली हेच करतात. आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० च्या शिफारशींत क्रूची मात्रा कामाच्या ठिकाणची मात्रा मानली. युरोपीय संघाने १९९६ मध्ये त्यासाठी नियम केला. तिथे कंपनी मूल्यमापन करते, कर्मचाऱ्याला धोका समजावून सांगते आणि ज्याची मात्रा जास्त होते आहे त्याचे रोस्टर बदलते. अमेरिकेत हे अजून सल्ल्याच्या पातळीवर आहे. आपल्याकडे लागणारी सगळी माहिती कंपन्यांच्या संगणकांत आहेच, कारण ड्यूटीच्या तासांची मर्यादा पाळण्यासाठी ती रोज भरावी लागते. तिच्यात एक रकाना वाढवायचा आहे.

तो वाढेपर्यंत क्रूने स्वतः नोंद ठेवायला सुरुवात करावी. या पुस्तकातले कोष्टक त्यासाठीच आहे. वाचताना रोस्टर शेजारी ठेवा. मार्ग, तारीख, पूर्ण उंचीवरचे तास आणि शक्य असेल तर उंची, एवढे लिहिले तरी पुरे. नोकरी बदलली तरी नोंद आपल्यापाशीच राहू द्या. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या, कारण बहुतेक डॉक्टर हा प्रश्न आपणहून विचारणार नाहीत.

एक विनंती निवृत्तांना. कोकणातल्या घरांत जुनी लॉगबुके असतील, ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या खणात. ती टाकू नका. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७०७ १९६० मध्ये आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. कारी प्रणालीत सूर्याच्या स्थितीची आकडेवारी जानेवारी १९५८ पासून महिन्यागणिक भरलेली आहे. म्हणजे आपल्या जेट विमानांच्या पहिल्या दिवसापासूनचे कुठलेही उड्डाण आज पुन्हा मोजता येते. त्यासाठी लॉगबुकातली ती ओळ तेवढी हवी.